म्हातारी काय म्हणाली

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. आईसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही — आणि नलूसमोर तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तिलाही ओळखत नाही. ऐकून तुम्हाला आधी हसूच येईल. कार्टूनची गोष्ट आहे. कार्टूनपायी कुणी इतकी वर्षं मनात कुढत बसतं का? मी बसले आहे खरी.

माझा धाकटा मामा जहाजावर फिटर. एका सुट्टीत तो व्हिडिओ घेऊन आला, आणि सोबत खोकंभर कॅसेटी. बोटीवरच्या एका जपानी सोबत्याने आपल्या घरच्या टीव्हीवरून उतरवून घेतलेली एक मालिका त्याने मामाला दिली होती. मामाने ती आम्हाला दिली आणि तो परत बोटीवर गेला. रत्नागिरीत तेव्हा टीव्ही हीच नवलाई, आणि आमच्या मांडवीच्या बाजूला व्हिडिओ असलेलं आमचं पहिलंच घर. रविवारी दुपारी जेवणं आटपली की आळीतल्या बायका नि पोरं ओटीवर चपला काढून आत. त्यात नलू सगळ्यांत पुढे.

नलू म्हणजे माझी मैत्रीण, पलीकडच्या घरातली. शाळा एक, कॉलेज एक, मग ती बालवाडीत शिकवायला लागली आणि मी कचेरीत टायपिस्ट. सकाळी दोघी एकत्र निघायचो, संध्याकाळी जेटीवर एकत्र बसायचो. तिच्यावाचून मी कधी बाजारात भाजीसुद्धा आणली नसेन.

आता ती मालिका. खरं सांगू? मला तिच्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळं जपानीत. आमच्या टीव्हीवर त्या कॅसेटींचे रंगही उमटत नसत, नुसतं करडं चित्र, आणि तेही मधूनमधून वर पळायचं. माणसं केसांवरून ओळखावीत तर सगळ्यांचे केस सारखेच विस्कटलेले. डोळे वाटीएवढे. एका भागात मेलेला माणूस पुढच्या भागात सायकलवरून यायचा — तोच की त्याचा भाऊ, कुणाला ठाऊक? मधेच एक जाडा गृहस्थ शेवया ओरपायचा आणि आमच्याकडे बघून हसायचा. तो जाहिरातीतला होता हे फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला नायिकेचा काका करून टाकलं होतं आणि जमिनीच्या वाटणीवरून भांडायलाही लावलं होतं.

हो, मी. कारण मामा माझा, म्हणून त्याची जपानीही माझीच, असं आळी धरून चालली. मी नाही म्हटलं नाही. मला येत होते चार शब्द — नमस्कार, पाणी, आभार, आणि मामाने चुकून शिकवलेली एक शिवी. त्या भांडवलावर मी भागामागून भाग सांगत सुटले. नायिकेचं नाव आम्हीच ठेवलं, चिमी. लहानशा बेटावर राहते, एका म्हातारीबरोबर मासे सुकवते, एक दिवस दीपगृह दुरुस्त करायला एक तरुण येतो. एवढं चित्रात दिसायचं. बाकीचं मी घालायचे. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण त्या खोलीत मी म्हणेन तेव्हाच उजाडायचं.

इथवर थापाच होत्या. निरुपद्रवी. त्यांचा कबुलीजबाब कोण देतं?

त्याच सुमाराला नलूला स्थळ आलं. जयगडचा मुलगा, कोचीनला जहाजदुरुस्तीच्या कामावर. पाहायला आला तेव्हा त्याने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले आणि बालवाडीतली पोरं कोणती गाणी म्हणतात ते नलूला विचारलं. ती दोन दिवस तेच सांगत होती. मुलगा तिला आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण कोचीन! तिथली भाषा येत नाही, माणसं आपली नाहीत, माहेर लांब. तिचे वडील भला माणूस, म्हणाले, तू सांगशील तसं. म्हणून पोरगी आणखीच अडकली.

मग तिची आई तिला गावी घेऊन गेली, देवाला कौल लावायला. आमच्याकडची रीतच ती. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नलूच्या वेळी एकही पडेना. गुरव ताटकळला, आई रडकुंडीला आली, शेवटी पुढल्या महिन्यात या म्हणून सांगितलं. तिकडे मुलाकडचे तर उत्तर मागत होते.

परत आली ती थेट माझ्याकडे. जेटीवर बसून म्हणाली, “देव बोलत नाय, तर चिमी सांगेल. ती त्याच्याबरोबर गेली तर मी पण जाईन.”

हसत म्हणाली. पण मी तिला लहानपणापासून ओळखते. ते हसणं नव्हतं.

आणि आता — आता सांगायचं ते इथेच आहे. मला शेवट माहीत होता. मामा बोटीवर जायच्या आदल्या दिवशी जेवताना सहज बोलून गेला होता: शेवटी ती जाते त्याच्याबरोबर, म्हातारीच तिला म्हणते, जा, माझी काळजी करू नको. त्याला त्याच्या सोबत्याने सांगितलं होतं. ऐकणारी मी एकटीच होते, आई आत मासे तळत होती.

रविवारी शेवटची कॅसेट लावली. धक्क्यावर चिमी नि म्हातारी. म्हातारी बराच वेळ बोलली. चिमी रडली. मग नुसता समुद्र, लांब एक होडी, होडीत कोण ते दिसेना — आणि कॅसेट संपली. पुढे पट्टीच नव्हती. सगळ्या माझ्याकडे वळल्या. नलू वळली नाही. ती रिकाम्या पडद्याकडेच बघत होती.

मी म्हटलं, “म्हातारी म्हणाली, गेलेलं माणूस परत येत नाही. तू जाऊ नको. मग चिमी राहिली. होडीत तो एकटाच.”

आवाजसुद्धा कापला नाही माझा.

का म्हटलं मी तसं? ती गेली असती तर मी एकटी पडले असते, म्हणून? की तिला कुणी पसंत केलं आणि मला अजून कुणी बघायलाही आलं नव्हतं, म्हणून? की नुसतं, इतके दिवस माझ्या शब्दावर चाललेली गोष्ट शेवटी मामाच्या शब्दावर संपावी हे मला सोसवलं नाही? या तिन्हींपैकी एकही मला पुरं पटत नाही. ते वाक्य बोलायच्या आधी क्षणभरसुद्धा मी त्याचा विचार केला नव्हता, हे खरं. पण बोलून झाल्यावर ते परत घ्यायला मला आठ दिवस होते, आणि मी ते घेतलं नाही, हेही खरं. त्या आठ दिवसांत मी तिच्याबरोबर रोज जेटीवर बसले.

आठव्या दिवशी नलूने नकार कळवला. वडिलांनी एकदाच विचारलं, नक्की ना? ती नक्की म्हणाली.

आणि ऐका. तिला धरून ठेवायचं म्हणून मी हे केलं असेल, तर मग वर्ष फिरायच्या आत मीच मंडणगडच्या एका मास्तरशी लग्न करून का निघून गेले? आनंदाने गेले. नलूने माझ्या हातावर मेंदी काढली, एसटीत माझी ट्रंक चढवली. त्यानंतर तिच्याकडे दोन-तीन स्थळं आली, जमलं नाही. मग येईनाशी झाली. ती बालवाडीतच आहे. सुखात नाही असं नाही, पोरं तिच्या पदराला लोंबकळत असतात. मी माहेरी गेले की तिच्या तोंडाकडे बघते आणि काही वाचता येत नाही. तिचं काही बिघडलंच नाही, असंही मला कधी वाटतं. मग वाटतं, हे ठरवणारी मी कोण? एकदा ठरवलं तेवढं पुरे नाही झालं?

या मे महिन्यात माहेरी गेले होते. नलू मला घ्यायला स्टँडवर आली होती. गाडीतून उतरते तो समोर तोच — जयगडचा. सोबत बायको, कडेवर मुलगी. त्याने नलूला ओळखलं, मान हलवली, मुलीला म्हणाला, मावशीला टाटा कर. मुलीने केला. नलूनेही केला. गाडी लागली तशी ती माणसं चढून गेली.

आम्ही दोघी पिशव्या घेऊन निघालो. बरंच चालल्यावर नलू म्हणाली, “मंदा, एक विचारू गो? ती म्हातारी त्या दिवशी जाऊ नको म्हणाली ना. मग हसत का होती?”

रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. सांगायचं तर याहून चांगली वेळ आली नसती.

मी म्हटलं, “त्यांच्यात तसंच असतं.”

“असेल,” नलू म्हणाली, आणि माझ्या हातातली जड पिशवी तिने आपल्याकडे घेतली.