नानांचं आणि गणूचं कधी जमलं नाही

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अलिबागला वाचनालयात होतो. नाना माझे मावसभाऊ, आमच्या गावच्या शाळेतले मास्तर. आदल्याच रविवारी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि उरलेलं पुढच्या रविवारी भांडायचं ठरलं होतं...

दारूबंदी आली तेव्हा नानांनीच साऱ्या गावाला देवळात शपथ घ्यायला लावली. माडी काढणाऱ्या गणूनेही घेतली. पण त्याचं माडावर चढणं थांबलं नाही. गावाने त्याला वाळीत टाकलं, तेही मुलीचं लग्न तोंडावर असताना. मांडव रिकामा दिसला तर वऱ्हाड परत फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवळातल्या गावबैठकीत नाना एकटे उठले. "दारू वाईटच. पण माणूस तोडणं त्याहून वाईट. मी लग्नाला जाणार."

"गुरुजी, कायतरी एक ठरवा! का माडी गोड लागली?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. नानाही हसले, आणि ठरल्या दिवशी मला घेऊन गेले. नागावचं वऱ्हाड आलं तेव्हा मुलीकडचे वडीलधारे म्हणून तेच दाराशी उभे होते. लग्न लागलं. पंगतीत त्यांनी गणूला विचारलं, "अजून काढतोस?"

"व्हय गुरुजी."

"वाईट करतोस."

"आन् तुमी सारका चा पिता, त्ये?"

पुढे गावाने नानांनाही वाळीत टाकलं. न्हावी येईना, ते स्वतःच दाढी करत आणि हनुवटी कापून घेत. हळूहळू ते सारं विरलं. आमचा वाद मात्र विरला नाही. मला ती शपथच मान्य नव्हती. कोणाचं पोट मारून गाव सुधारत नाही, असं मी म्हणे. नाना म्हणत, "तुझं बरोबर असेलही. मी माझं रोज तपासतो, रोज तेच उत्तर येतं. ज्या दिवशी बदलेल, त्या दिवशी आधी गणूकडे जाईन." ते बदललं नाही. मला ते आजही पटत नाही.

तेरावं झाल्यावर गणू माझ्याकडे आला. "गुरुजींचं मला कधी पटलं न्हाय, भाऊ," म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सोमवारी बैठक हाय. खालच्या आळीतल्या एका विधवा पोरीनं दुसरं लगीन केलं, म्हनून तिला वाळीत टाकतायत. म्या जानार. तुमी?"

देवळात नाना पुढच्या खांबाला टेकून बसत. ती जागा अजून कोणी घेतलेली नाही. मला सभेत बोलायची सवय नाही. सोमवारी मी तिथे बसणार आहे, आणि बोलणार आहे.