आजींचे 'हे' कुठे असतील

टोकियोशेजारच्या उरायासुला आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात. नवरा गेल्यानंतर त्या दर रविवारी माझ्याबरोबर टोकियोतल्या चर्चला यायला लागल्या. मी काही बोलावलं नव्हतं. ही बाई साडी नेसून जाते कुठे, एवढीच त्यांना उत्सुकता होती. एकदा आल्या त्या येतच राहिल्या. पुढे त्यांनी ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला कोण आनंद झाला! नगरकडच्या आमच्या घराण्यात सगळे जन्मतःच ख्रिस्ती. आपल्या पायाने चालत येणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

ईस्टर जवळ आला तशा एकदा परतताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या, "बाप्तिस्म्याआधी एक विचारायचं आहे. घरी चहाला याल का?"

मी मनात म्हटलं, आला भाताचा प्रश्न.

आजींच्या घरात बुत्सुदान आहे. दिसायला लाकडी देवघरच, पण घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. रोज सकाळी कुकरमधला पहिला भात त्या छोट्या वाटीत घालून नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवतात, घंटी वाजवतात आणि मग स्वतः खातात. आता आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा जन्म ह्याच प्रश्नात जातो. शेजाऱ्यांचा प्रसाद घ्यायचा की नाही? घेतला तर देव रागावेल, नाही घेतला तर शेजारीण. माझं लग्न पुण्याच्या हिंदू घरात झालं. तिथे सासूबाई नैवेद्य दाखवायच्या आधीच माझ्यापुरते मोदक बाजूला काढून ठेवतात. "हे नुसतेच मोदक आहेत गं, खा," म्हणतात. त्यामुळे ह्या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी समजूत होती.

आठवडाभर मी जपानी वाक्यं जुळवली. चहा पिता पिता आजींना सांगितलं, की भात ठेवणं ही आठवण आहे, पूजा नव्हे, तेव्हा खुशाल ठेवा. त्या मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, "भाताचं चालेल असं मला वाटलंच होतं. मला विचारायचं होतं ते वेगळं. आमच्या घरचा माणूस आत्ता कुठे आहे?"

आजी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमच्या घरचा माणूस' म्हणतात, आणि माझ्या कानांना ते 'आमचे हे' असंच ऐकू येतं.

"देवालाच माहीत," मी म्हटलं.

"देवाला माहीत असणारच. पण तुम्हाला लहानपणी काय शिकवलं?"

मला काय शिकवलं ते चांगलं आठवत होतं. संडे स्कूलच्या भिंतीवर नरकाचं चित्र होतं आणि शेजारीच देवाच्या प्रीतीवरचं वचन, फुलांच्या वेलबुट्टीत. दोन्हींकडे एकाच वेळी बघताना मला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. आजींसमोर मात्र ते खटकलं. पाळकांना विचारून सांगते, म्हणून मी तिथून सटकले.

आमचे जपानी पाळक म्हणजे भला माणूस. प्रश्न ऐकताच त्यांनी दातांतून हवा आत ओढली. माझ्या ऑफिसात कुणी अशी हवा ओढली की आपलं काम होणार नाही, हे मला आता कळतं. ते म्हणाले, देव कुणाला नरकात ढकलत नाही. प्रेमात जबरदस्ती नसते, माणूस स्वतःच पाठ फिरवून दूर जातो. मला पटलं. आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पण ह्यांनी पाठ कधी फिरवली? ओळखच झाली नव्हती ना."

मी आईला फोन केला. आईकडे हवा ओढण्याचा प्रकार नाही.

"प्रभूवाचून तारण नाही," ती म्हणाली. "तुला नव्याने सांगायला हवंय का?"

"आणि तुझा जावई?"

ती म्हणाली, "त्याला काही होणार नाही. रोज प्रार्थना करते मी त्याच्यासाठी. अगं, किती गुणाचं पोर आहे ते. प्रभू त्याला आगीत कसा टाकेल?"

"मग आजींचा नवरा?"

"त्यांना मी कुठे ओळखते?"

फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं. आई ज्याला ओळखते त्याला नरकात पाठवू शकत नाही. देव तर सगळ्यांना ओळखतो. मग त्या आगीत आहे तरी कोण? नरक नसेलच, असं म्हणून मोकळं व्हावं, तर माझ्या आत्याचा नवरा आठवतो. आयुष्यभर त्याने तिला मारलं. त्याच्यासाठी नरक असावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. पण तो बाप्तिस्मा घेतलेला, चर्चच्या मंडळीचा पंच, पहिल्या बाकावर बसणारा. हिशेबाने तो स्वर्गाच्या आत आणि माझा नवरा बाहेर. मी धंद्याने सॉफ्टवेअर तपासणारी. इतकी ढळढळीत चूक दिसली की मी काम पुढे जाऊ देत नाही. पण इथे चूक नक्की कुठे आहे तेच मला सापडेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ईस्टरच्या सकाळी आजी नेहमीच्या राखाडी कोटात आल्या. उपासनेआधी त्यांनी पाळकांपुढे वाकून माफी मागितली आणि बाप्तिस्मा नको म्हणाल्या.

"देवावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "मी दर रविवारी येईन. पण मला आत घेतलं आणि हे बाहेर राहिले, तर कसं व्हायचं? त्यांना अनोळखी ठिकाणी एकट्याला फार भीती वाटायची. ते जिथे असतील तिथे मी जाते. तिथून देवाने दोघांना एकदम न्यावं."

पाळकांनी ह्या वेळी हवा ओढली नाही. त्यांनी चष्मा पुसला. आजी जागेवर जाऊन बसल्या आणि सगळी गाणी आमच्याबरोबर गायल्या.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "झाला का आजींचा बाप्तिस्मा?" मी सगळं सांगितलं. आजी काय म्हणाल्या, तेही जसंच्या तसं.

तो हसला. "ग्रेट आहेत आजी. तुझा बरा, पाळण्यातच उरकला." मग भाजी घेता घेता, थट्टेतच, "आणि तू त्यांच्या जागी असतीस तर? आली असतीस माझ्याबरोबर?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नव्हता. हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि त्याला बरं वाटलं असतं. पण मला त्या आगीची भीती वाटते, अजूनही, खरीखुरी. माझ्या तोंडून हो निघेना.

"मला माहीत नाही रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग घेतलेली भाजी तशीच ठेवून तो हात धुवायला उठला.