खालच्या मशीनचा ताल

आमची मावशी शाळेचे गणवेश शिवायची. वरच्या मजल्यावर कुणीतरी व्हायोलिन वाजवायचं. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण लांब, सरळ शिलाई ती त्याच्या वाजवण्याच्या वेळेसाठी राखून ठेवायची.

"माझ्या खडखडाटाने बिचाऱ्याच्या सुरांची माती होते गं," एकदा म्हणाली, आणि आवाज न करणारी नवी मशीन घेऊन आली. जुनी कोपऱ्यात चादरीखाली गेली.

थोड्याच दिवसांत व्हायोलिन थांबलं. मग एकदा वरचं सामान उतरवणाऱ्या हमालाला मावशीने जिन्यातच गाठलं.

तो म्हणाला, "म्हातारबुवा कालच मुलाकडे गेले. म्हणत होते, खालच्या मशीनच्या तालावर वाजवायचो. मशीन थांबली, बाई गेली असणार. आता वाजवू कुणाबरोबर?"

मी भडकलेच. एक जिना उतरून विचारायला त्यांचे पाय मोडले होते का? आणि हिला चढायला काय झालं होतं?

मावशीने जुन्या मशीनवरची चादर काढली आणि कापड न लावताच पाय मारायला लागली.

"अगं, वरची खोली रिकामी आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "ताल चुकवू नकोस माझा."