अरे वा म्हणायचं नाही

आमच्या ऑफिसात तिला सगळे आणखीताई म्हणतात, कारण फोनवर ती दिवसातून शंभर वेळा "आणखी काही?" विचारते. तोंडावर म्हटलं तरी रागावत नाही. रागावणं तिच्या कामात बसतच नाही.

पालेभाज्या, कडधान्यं, फळं यांतली द्रव्यं कॅन्सर टाळायला मदत करतात का, हे शोधण्यासाठी आमची संस्था काही हजार निरोगी माणसांच्या जेवणावर बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे. त्यांना अधूनमधून फोन करायचा आणि काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारायचं. ऐकायला पोरखेळ. पण माणूस पालेभाजीबद्दल जितकं खोटं बोलतो, तितकं वयाबद्दलही बोलत नसेल. आपण "अरे वा" म्हणालो की पुढच्या वेळी दोन वाट्या पालक जास्त सांगतो. "अरेरे" म्हणालो की केकचा उल्लेखच गाळतो. म्हणून नियम असा, की अरे वा नाही आणि अरेरेही नाही. सपाट आवाजात विचारायचं, थांबायचं, "आणखी काही?" म्हणायचं आणि पुन्हा थांबायचं.

मी हे फोन ऐकतो आणि नियम मोडणाऱ्याचे गुण कापतो. त्यामुळे मी कुणालाच आवडत नाही, आणि माझं त्यावाचून काही अडत नाही. बारा वर्षांत तिचा एकही गुण मला कापता आला नाही, याचं मात्र मनातून वाईट वाटतं. एका आजोबांनी सांगितलं, काल दिवसभर फक्त बायकोच्या शिव्या खाल्ल्या. मी हेडफोन काढून पोट धरून हसलो. हिने शांतपणे विचारलं, "त्यासोबत काही?"

मग तिच्या दादाला आतड्याचा कॅन्सर निघाला. गाठ लवकर सापडली होती, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. दादाने ती रद्द केली आणि नवा मिक्सर आणला. दिवसातून तीनदा हिरवा रस, बाकी सगळं बंद. वहिनीने रडत फोन केला तेव्हा कळलं, की दादाच्या उशाशी आमच्याच संस्थेची माहितीपुस्तिका आहे. ताईनेच कधीतरी कौतुकाने दिलेली. येईल त्याला तो सांगत होता, "माझी बहीण यातच तर संशोधन करते."

"अरे, ते आजार होऊ नये म्हणून! तेही अजून पक्कं ठरलेलं नाही. झालेली गाठ रसाने जाते असं कुणी सांगितलं तुला?" ताई फोनवर ओरडली. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दादाने फोन ठेवला आणि नंतर तिचा नंबर दिसला की उचलेचना. डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. कोरा फॉर्म पुढे ओढला आणि ऑफिसच्या फोनवरून दादाला फोन लावला. मी शेजारीच, हेडफोन कानांवर. काढायला हवे होते, पण काढले नाहीत.

"नमस्कार. काल सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय खाल्लं, सांगाल का?"

"हे काय नाटक? मला तुम्ही?"

"उठल्यावर सगळ्यात आधी काय घेतलंत?"

तो हसला. मग सांगायला लागला. "रस. मोठा पेला भरून."

"आणखी काही?"

"दुपारी रस. संध्याकाळी अर्धाच गेला. उलटी झाली."

आता ही बोलणार, असं मला वाटलं. ती लिहीत होती.

"आणखी काही?"

"ही शेजारी गेली तेव्हा ब्रेडचा तुकडा खाल्ला. चोरून. स्वतःच्या घरात."

"आणखी काही?"

पलीकडून उत्तर येईना. नियमाप्रमाणे ती थांबली. मी असतो तर केव्हाच तोंड उघडून सगळं बिघडवलं असतं.

"भीती वाटते गं," दादा म्हणाला. "भूल दिली आणि उठलोच नाही तर?"

फॉर्मवर याला रकाना नव्हता. तिने पेन खाली ठेवलं.

"मलाही वाटते, दादा. मी येते. तू उठेपर्यंत दारासमोरून हलणार नाही."

"रजा मिळेल तुला?"

"न देऊन सांगतात कुणाला!"

दादाने बराच वेळ नाक ओढलं. "मग तूच कर त्या डॉक्टरला फोन. मी तो ऑपरेशनचा कागद फाडून टाकलाय."

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. तपासणीचा निकाल यायचा होता आणि त्याआधी कुणी काही बोलायला तयार नव्हतं. दहा दिवसांनी ताई कामावर आली. दुपारी तिचा मोबाईल वाजला.

"बोल दादा. काल काय खाल्लं?" तिने नेहमीच्या सपाट आवाजात विचारलं.

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं, अर्धी वाटी मऊ भात, आणि तो पोटात राहिला होता.

"अरे वा!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळी खोली वळून बघायला लागली. मग टेबलावर डोकं टेकून ती ढसाढसा रडली. गुणांचा कागद माझ्यासमोरच होता. तो पालथा घातला आणि मी तिच्यासाठी पाणी आणायला गेलो.