पाजायचं कधी?

"मॅडम, मला कॅन्सर झालाय," सुनंदा दारातूनच म्हणाली.

मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीत, औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात फॅक्टरी मेडिकल ऑफिसर होते. नाव मोठं, काम साधं. सकाळी माझा गावातला दवाखाना आणि दुपारी कारखान्याची फर्स्ट एड रूम. बोट कापलं, चक्कर आली, की लोक तिथे येत. सुनंदा पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पट्ट्या तपासून खोक्यात भरायचं तिचं काम. महाडजवळच्या नाते गावची, पंचविशीच्या आतली.

आदल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये बायकांसमोर स्तनाच्या कॅन्सरवर मी बोलले होते. वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला, दारू-तंबाखूपासून लांब राहा, बाळाला जमेल तितके महिने अंगावर पाजा. या सवयींनी धोका कमी होतो, पण संपत नाही. म्हणून गाठ लागली तर लाजू नका, लगेच या. सुनंदा लगेच आली होती.

तिला झोपवून तपासलं. डाव्या स्तनात कडक गाठ, वरची कातडी लाल, अंगात ताप.

"बाळ केवढं आहे?"

"पाच महिन्यांचं. सासूकडे ठेवून येते."

"आणि दिवसभर दूध भरून येतं तेव्हा काय करतेस?"

ती हळूच म्हणाली, "संडासात जाऊन पिळून टाकते. पण सारखं जाता येत नाय. लाइन चालू असते."

गाठ दुधाची होती. स्तन रिकामा झाला नाही की दूध आत अडकतं, त्यात पू व्हायची भीती असते. मी तिला तसं सांगितलं. तिने पदराने तोंड झाकलं आणि रडून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मग दूध बंद व्हायची गोळी द्या. पोराला बाटली लावते."

"पाजणं थांबवू नकोस. आत्ता तर मुळीच नाही."

"तुमी त्या दिवशी पण तेच बोललात. पण पाजायचं कधी, ते सांगा ना. सकाळच्या एसटीने निघते, दिवेलागणीला घरी पोचते."

औषधं लिहून दिली, शेक सांगितला, चार दिवसांची रजा दिली. "गाठ पूर्ण गेली की नाही ते मला पुन्हा बघायचंय. राहिली तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतील," असंही बजावलं. आणि उठून प्लांट मॅनेजर केळकरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. पॅकिंगचे सुपरवायझर मोरे तिथेच बसले होते.

"पाजणाऱ्या बायकांना दूध काढायला जागा आणि वेळ हवाय," मी म्हटलं.

केळकर हसले. "डॉक्टर, कॅन्सरवर बोला म्हटलं होतं. आहार, व्यायाम वगैरे."

"त्याच्यातलंच आहे हे. कायद्यातही बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या आहेत."

"त्या बायका आमच्या पेरोलवर नाहीत. कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत."

"काम इथे करतात. आजारी इथे पडतात. ताप असलेल्या बाईला औषधांच्या पॅकिंगला फिट म्हणून मी सही देणार नाही. आणि पाजणाऱ्या आणखी तिघी आहेत, उद्या त्यांचंही हेच होईल."

"मग कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या बायका आणेल."

हे ऐकून मी मनातून घाबरले. माझी सही अडली म्हणून चौघींचं काम जाणार होतं. तरी म्हटलं, "आणेल. त्यांनाही मुलं होतील."

मग मोरे खाकरले. पोलादपूरचे, अबोल गृहस्थ. "साहेब, नवीन बाईचा हात बसेपर्यंत किती माल रिजेक्ट होतो, आपल्याला ठाऊक आहे. पंधरा मिनिटं बाकीच्या सांभाळून घेतील. मी बघतो लाइनचं."

केळकरांनी पेन खाली ठेवलं. "जेवणाआधी एकदा, नंतर एकदा. महिनाभर बघू. बोर्ड वगैरे लावू नका."

बोर्ड मला नकोच होता. फर्स्ट एड रूममधल्या कॉटला मी पडदा लावून घेतला. धनुर्वाताच्या इंजेक्शनांसाठी छोटा फ्रिज होता, त्यात एक कप्पा मोकळा केला. सुनंदा कामावर परतली तेव्हा ताप गेला होता. गाठ लहान झाली होती आणि पुढच्या तपासणीत ती अजिबात लागली नाही.

अडचण घरी आली. उकळलेल्या स्टीलच्या डब्यात काढलेलं दूध बर्फात ठेवून तिने घरी नेलं, तर सासूने ते तुळशीत ओतलं. थंड दूध, शिळं दूध, पोराला बाधेल, असं तिचं म्हणणं. मी सासूला दवाखान्यात बोलावलं.

"मावशी, गाईचं दूध सकाळचं संध्याकाळी चालतं ना?"

"ती गाय हाय, डॉक्टरीणबाई."

"आणि ही तुमच्या नातवाची आई आहे."

मावशी पदर सावरत उठून गेल्या. पण पुढच्या आठवड्यात सुनंदा सांगत आली, "आता सासूच डब्याची वाट बघते. कमी भरला तर विचारते, आज जेवली नाय का गो?"

महिना उलटला. केळकरांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. पडदा तसाच राहिला. सुनंदाने मुलाला दीड वर्षाचा होईपर्यंत पाजलं. बाकीच्या तिघीही त्याच पडद्याआड बसू लागल्या.

यामुळे कुणाचा कॅन्सर टळला का? मला सांगता येणार नाही. झालेला आजार दाखवता येतो, न झालेला नाही. आमच्या धंद्यात प्रतिबंधाचं काम असंच असतं, त्याची पावती मिळत नाही.

पुढच्या वर्षी केळकरांनी पुन्हा भाषणाला बोलावलं. बायकांना निरोगी सवयी सांगा म्हणाले. मी तयार झाले. फक्त कॅन्टीनमध्ये जाण्याआधी त्यांच्याशीच बोलायला अर्धा तास त्यांच्या केबिनमध्ये मागून घेतला. सवयी बायकांच्या असतात, वेळापत्रक मात्र दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं.