उजवीकडची नथ

कुंकवाच्या पुडीवर कोणाचं चित्र छापायचं, यावरून आमच्या घरात आठ दिवस वाद चालला होता. वसमतला आमचं हळदीचं दुकान. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू घरीच व्हायचं आणि कोऱ्या कागदात बांधून विकलं जायचं. निजामी अमलातले दिवस. बाजारात बाहेरगावच्या छापील पुड्या यायला लागल्या होत्या आणि आपलीही तशीच असावी, असं माझ्या नवऱ्यानं डोक्यात घेतलं होतं.

देवीचं चित्र सगळ्यांना आधी सुचलं. सासूबाईंनी ते मोडून काढलं. "कुंकू संपल्यावर कागद कुठं जातो? केरात. देवीला काय लोकांच्या पायाखाली द्यायचं?" मग छापखान्याची नमुन्यांची वही आली. तिच्यात गोऱ्या मडमा होत्या, मोराच्या मानेवर हात ठेवलेल्या राण्या होत्या आणि एकीच्याही कपाळाला धड कुंकू नव्हतं. मी हसले. "ह्यायला बघून कुंकू कोण घेईल?" नवरा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मंग तूच बस की पुडीवर."

मी नको नको म्हटलं ते वरवरचं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या होत्या. "घरची सून बाजारात काहून मांडता?" असं सासूबाई पुटपुटल्या, पण लेकापुढं त्यांचं काही चाललं नाही. पायाखाली जाण्याची गोष्ट मात्र या वेळी कोणी काढली नाही. मीही काढली नाही.

नथ घालून, ठसठशीत कुंकू लावून मी फोटो काढून घेतला. तो समोर ठेवून गावातल्या एका मुसलमान कारागिरानं छापायच्या दगडावर चित्र काढलं. दगडावर उलटं काढलं तरच कागदावर ते सुलटं उतरतं. त्याचा जन्म अक्षरं काढण्यात गेलेला. अक्षरं त्यानं बराबर उलटी काढली आणि चेहरा फोटोत होता तसाच काढला. पुड्या छापून आल्या तर माझी नथ उजव्या नाकपुडीत! "माफ करो भाबी," तो दारातूनच म्हणाला, "हात को बस हरफाँ उलटे लिखने की आदत है."

सासूबाईंनी अपशकुन अपशकुन म्हणत घर डोक्यावर घेतलं. नवरा मात्र पोट धरून हसला. "बरंच झालं. तुझी नथ डावीकडं, हिची उजवीकडं. म्हंजी ही तू न्हाईसच. आता कोणी काही बोलायचं न्हाई." पुडी चालली. आखाडा बाळापूरच्या बाजारात बाया तिला 'नथवाली' म्हणून मागायच्या.

लेक तीन वर्षांची असताना नवरा विषमज्वरानं गेला. माझं कुंकू पुसलं, नथ पेटीत गेली. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून मला कागदाचं काम दिलं. मागच्या खोलीत बसून छापील कागदाच्या रिकाम्या पुड्या चिकटवायच्या. दिवसभर माझंच तोंड माझ्यापुढं, भरल्या कपाळाचं. दुकान आता दीर बघायचा. मी त्याला म्हटलं, "भाऊजी, एवढं चित्र बदला." त्यानं मानही वर केली नाही. "वहिनी, ती तुमी न्हाईतच. तुमची नथ डावीकडं व्हती."

मेलेल्या नवऱ्याचा मला त्या दिवशी जेवढा राग आला, तेवढा तो असताना कधी आला नव्हता.

माझी लेकही पुडीवरच्या बाईला नथवालीच म्हणायची. ती कोण, हे तिला कोणी सांगितलं नाही. मला तर सांगायची लाजच वाटायची.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा चित्राबद्दल मी बोलले नाही. एकच मागितलं. मांडवात जायच्या आधी तिच्या कपाळाला कुंकू मी लावीन. आतल्या खोलीत, दार लावून. "आत्याबाई, एकदाच. कोणाला दिसायचं न्हाई." सासूबाई रडल्या, अगदी मनापासून रडल्या, आणि नाही म्हणाल्या. "लेकराचं वाईट व्हावं असं वाटतं व्हय तुला?"

निजामी संपायच्या गडबडीचं वर्ष होतं, लग्न दारातल्या मांडवातच उरकलं. मी आतून दाराच्या फटीतून बघत होते. जावेनं नवी पुडी घेतली, चित्राच्या मधोमध फाडली आणि माझ्या लेकीला कुंकू लावलं. कागद खाली पडला. लेक उठली, तिच्यामागं सगळ्या बाया उठल्या आणि त्याच्यावरून चालत गेल्या.

वऱ्हाड गेल्यावर मांडव झाडायला मात्र मला बोलावलं. अक्षता, पानं, दोऱ्याचे तुकडे यांच्यात तो कागद होताच. कपाळ फाटलं होतं, नथ तेवढी शाबूत होती, उजवीकडं. मी तो उचलला नाही. बाकीच्या केराबरोबर लोटत उकिरड्यापर्यंत नेला.