अध्यक्षाच्या कपाळावरचं कुंकू

अमेरिकेत, ट्रॉयला मुलाकडे राहत होतो तेव्हाची गोष्ट. नातीनं शाळेसाठी मोठा चार्ट केला होता. मधोमध त्या देशाच्या पहिल्या अध्यक्षाचं चित्र, तिनंच रंगवलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी मला वाचता येत नाही. पण थोर माणसाची तसबीर अशी कोरडी कार्यक्रमाला न्यायची नसते, एवढं मला कळतं. सकाळी देवपूजा आटोपून त्याच बोटानं मी अध्यक्षाच्या कपाळावर ओलं कुंकू लावलं.

नात खाली आली ती किंचाळलीच. ओल्या कागदानं पुसायला गेली, तर लाल रंग नाकातोंडावर पसरला.

"बाबा, विचारायचं तरी!" सून म्हणाली.

"मोठ्या माणसाला आम्ही असाच मान देतो," मी आवाज चढवून म्हणालो.

"पण त्याला तो मान नकोच होता, आजोबा!" नात रडत म्हणाली. "काही लोक त्याला किंग करायला निघाले होते, तो नो म्हणाला. नुसतं मिस्टर प्रेसिडेंट म्हटलं तरी चालेल म्हणाला. मी आज क्लासमध्ये तेच सांगणार होते!"

चुकलो म्हणायला माझी जीभ वळली नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. घराबाहेर पडताना माझ्या पाया पडायचं, हा मीच घातलेला नियम. डोळे पुसत, चार्ट बगलेत धरून ती माझ्यापुढे वाकली. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.